पाठीवरचा खडक

भिंतीवरच्या कॅलेंडरात फुली मारायची फक्त बावीस घरं उरली होती आणि त्या बावीस घरांनी भिंगरीची झोप उडवली होती. तीनशे त्रेचाळीस दिवस त्याने दातओठ खाऊन काढले होते. आता घोडामैदान जवळ आलं, तर पाय खोलीत ठरेनात. तो उठायचा, खिडकी उघडायचा, बंद करायचा, खुर्चीवर बसायचा आणि हीच खुर्ची पलीकडच्या भिंतीला कशी दिसेल, हे बघायला पुन्हा उठायचा.

त्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच राहिलं. पायाला भिंगरी लागलेली, म्हणून सगळा गोतावळा त्याला भिंगरीच म्हणायचा. चौदा वर्षांच्या संसारात अकरा नोकऱ्या आणि सात घरं झाली होती. कुठे भांडण नाही, तंटा नाही. सहा महिने झाले की खुर्ची टोचायला लागायची, एवढंच कारण. बायको इस्पितळात नर्स. दर वेळी नवं इस्पितळ शोधायचं आणि दर वेळी नव्याने सगळ्यांत खालच्या पायरीवर उभं राहायचं, हे तिच्या वाट्याला. सातव्या घरातली खोकी अजून उघडायची होती, तेव्हाच त्याने आठव्याचा विषय काढला. ती हातातली कात्री खाली ठेवून एका खोक्यावर बसली.

"एक वर्ष," ती म्हणाली. "एक नोकरी, एक घर. वर्ष पुरं झालं की येईन बघायला. तोवर मी दादाकडे राहते."

ती शहराच्या दुसऱ्या टोकाला भावाकडे गेली. दर महिन्याच्या एक तारखेला तिचा फोन यायचा. "तिथेच आहात का?" "तिथेच आहे." "बरं." एवढंच बोलणं व्हायचं आणि पुढचे एकोणतीस दिवस तो त्या 'बरं'वर काढायचा. तिच्याशिवाय खोली खायला उठते, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मुक्काम बदलायचा असतो तो कुणीतरी बरोबर असताना, हेही कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि बूड टेकणं वेगळं.

नोकरी गाद्यांच्या दुकानात होती. गिऱ्हाईक चारचौघांत आडवं व्हायला लाजतं, म्हणून विक्रेत्याने आधी स्वतः पाठ टेकून तीन मिनिटं पडून दाखवायचं, हा दुकानाचा रिवाज. भिंगरीची तीन मिनिटं कधीच पुरी भरली नाहीत. सव्वा मिनिटाला तो उठून बसायचा आणि गादीचे गुण सांगायला लागायचा. जीभ मात्र अशी चालायची की माणूस उशी बघायला आलेला असला तरी गादी बांधून नेई. मालक म्हणूनच त्याला ठेवून होते.

तर अशा अवस्थेत तो केस कापायला गेला आणि नंबर येईपर्यंत समोरचं जुनं मासिक चाळत बसला. त्यात एका उघड्या पाठीचा फोटो होता. पाठभर उसळलेल्या निळ्या लाटा आणि मधोमध एक काळा खडक. खाली लिहिलं होतं की हे जपानी पद्धतीचं गोंदण असून लाटा आदळल्या तरी जो हलत नाही, असा माणूस हा त्याचा अर्थ. भिंगरी तीन वेळा उठला, तीन वेळा बसला.

"नोकरी सोडता येते, घर सोडता येतं," तो शेजारच्या अनोळखी गृहस्थाला म्हणाला. "पाठ कुठे सोडून जाणार?"

गृहस्थांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी बायको येईल, आपण काही न बोलता सदरा काढायचा आणि पाठ फिरवायची. सगळा बेत त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. शहरात गोंदणारे पुष्कळ होते. एकाने तर "तासाभरात करून देतो" म्हणून सांगितलं, पण तासाभरात झालेल्या खडकावर बायको काय विश्वास ठेवणार? मासिकात ज्या उस्तादांचं नाव होतं, ते समुद्रापलीकडे एका परक्या देशात राहायचे आणि यंत्र न वापरता हाताने, सुयांनी गोंदायचे. त्यांच्याकडे दोन-दोन वर्षं नंबर लागत नसे. भिंगरीने ई-मेल धाडला आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचं उत्तर आलं की एका गिऱ्हाईकाने माघार घेतली आहे, पुढच्या आठवड्यात पाच दिवस रिकामे आहेत. एका जागी राहण्याची शपथ घ्यायला आपण विमानाने समुद्र ओलांडतोय, यात काही चमत्कारिक आहे असं त्याला वाटलं नाही. रजा म्हणजे काही नोकरी सोडणं नव्हे.

"आठ दिवस?" मालक म्हणाले. "आणि तेही 'ढिम्म' बाजारात यायच्या तोंडावर?"

'ढिम्म' ही मालकांनी स्वतः बारसं केलेली नवी गादी. बाजूचा कितीही लोळला तरी आपण ढिम्म, असं तिचं वैशिष्ट्य होतं.

"पाठीचं काम आहे, मालक. परदेशात एक हातगुणाचा माणूस आहे."

मालकांचा चेहरा उतरला. "ऑपरेशन?"

"सुयांनी करतात. पाच दिवस, रोज पाच तास."

"अरे बापरे. आणि आम्हाला इतके दिवस बोलला नाहीस? म्हणूनच तुला पडवत नव्हतं होय." मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जा, जा. पाठ आहे तर गादी आहे."

भिंगरी खोटं काहीच बोलला नव्हता. मालकांनी जे समजायचं ते समजून घेतलं आणि त्याने ते दुरुस्त केलं नाही. पुढचं सगळं रामायण या न केलेल्या दुरुस्तीतून घडलं.

उस्तादांची खोली एका धोबीखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. लाकडी जमीन, एक चटई, एक दिवा आणि सुया बांधलेल्या बांबूच्या काड्या नीट ओळीने मांडलेल्या. उस्ताद सत्तरीचे, अंगाने वाळके. त्यांना भिंगरीची भाषा येत नव्हती, भिंगरीला त्यांची. सून मध्ये बसून इंग्रजीतून दोन्हीकडचं इकडे-तिकडे करायची.

"सासरे विचारतायत, खडकच का?"

"बायकोला दाखवायचंय. मी आता हलणार नाही म्हणून."

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. तो बोलताना चटईची काडी उपसत होता. ते सुनेला हळूच काहीतरी बोलले.

"ते म्हणतात, आम्ही कागदावरून छापत नाही, थेट पाठीवर काढतो. तुम्ही हललात तर रेघ हलते. हललेली रेघ पुसता येत नाही. तिचं काहीतरी करावं लागतं."

"मी नाही हलणार," भिंगरी म्हणाला आणि पालथा झाला.

पहिल्या दिवशी त्याला शिंक आली. ती त्याने दाबली, म्हणून दुसरी दुप्पट जोराने आली. उस्ताद थांबले, "हं" म्हणाले आणि पुन्हा सुया टोचायला लागले. दुसऱ्या दिवशी, गॅसचं बटण बंद केलं होतं का, या विचाराने तो ताडकन कोपरांवर उठला. "हं." तिसऱ्या दिवशी खाली धोब्याच्या गाडीचा भोंगा वाजला, तेव्हा कोण आलं ते बघायला त्याने मान वळवली. चौथ्या दिवशी कारणच नव्हतं. चार तास शहाण्यासारखा पडून होता, पाचव्या तासाला आपण किती वेळ हललो नाही याचा त्याला इतका आनंद झाला की तो अंगभर थरारला.

"खडक झाला का?" तो रोज विचारायचा.

"काम चालू आहे, म्हणतात," सून सांगायची.

पाचव्या दिवशी तो मधूनमधून उठत राहिल्याने काम लांबलं आणि विमानाची वेळ झाली. आरशात बघायलाही फुरसत मिळाली नाही. उस्तादांनी पाठीवर पातळ प्लास्टिक चिकटवलं आणि दोन्ही हात जोडून वाकले.

"दोन आठवडे खाजवायचं नाही, पाठ टेकायची नाही, मलम लावायचं," सून जिना उतरता उतरता सांगत होती. "आणि सासरे म्हणतात, जे माझ्यासमोर पडलं होतं, तेच मी काढलंय."

भिंगरीचे डोळे भरून आले. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला खडक म्हटलं होतं. विमानात पाठ टेकायची नसल्यामुळे तो सगळा प्रवास समोरच्या खुर्चीवर कपाळ ठेवून परतला.

घरी आल्यावर मुख्य अडचण कळली. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. खोलीत एकच आरसा होता, दाढीचा. मान मोडेपर्यंत वळून पाहिलं तर बरगडीवरची एक लाट दिसायची, ती मात्र फारच सुरेख उतरली होती. म्हणजे खडक पलीकडे असणार. मग त्याने मोबाईल मागे धरून सात फोटो काढले. सातही हलले. आठव्यात पंखा आला. मलम तो उलथन्याला लावून अंदाजाने फासायचा आणि पालथा झोपायचा.

चौथ्या दिवशी पाठ खाजायला लागली. साधी खाज नव्हती ती. आधी डाव्या खांद्याखाली मुंगी चालल्यासारखं व्हायचं, मग तिचे नातेवाईक यायचे. आणि खाजवायची बंदी. जो माणूस बरा असताना स्वस्थ बसला नाही, तो आता काय बसणार? तो दाराची चौकट टाळून चालायचा, कारण चौकट दिसली की मोह व्हायचा. कॅलेंडरावर तीन घरं उरली होती. फक्त तीन दिवस ढकलायचे, तो स्वतःला बजावत होता, मग ती येईल.

दुसऱ्या दिवशी कामावर पोचला, तर दुकानाबाहेर हे मोठं कापड लावलेलं: 'पाठीच्या अवघड उपचारानंतर आमचा माणूस थेट ढिम्मवर. आज, सर्वांसमोर.'

"कशी आहे कल्पना?" मालक हात चोळत म्हणाले. "देवाने पाठवलेली संधी आहे बघ. बरी पाठ कुठल्याही गादीवर झोपते. तुझी पाठ झोपली तर शहर घेईल ढिम्म."

"मालक, डॉक्टरांनी पाठ टेकायला..."

"मऊ आहे रे. आणि काळजी करू नकोस, मी तुझ्या घरीही कळवलंय. तुझ्या अर्जावर तातडीचा म्हणून एक नंबर होता ना? काल फोन केला. ऑपरेशन नीट पार पडलं, उद्या प्रात्यक्षिकाला या, म्हटलं."

तो नंबर बायकोचा होता. ती यायची होती ती दोन दिवसांनी, वर्ष पुरं झाल्यावर, आणि तेही न झालेल्या ऑपरेशनची चौकशी करायला नव्हे.

तिसेक माणसं जमली होती. काही गिऱ्हाईकं, काही दुकानदार, बरेचसे नुसते बघे. मधोमध पांढऱ्या चादरीची ढिम्म. तिच्या एका बाजूला भिंगरीने उताणं पडायचं, पोटावर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास. दुसऱ्या बाजूला गाद्या उचलणारा पहिलवान लोळणार. ग्लासातला थेंब सांडायचा नाही. भिंगरी पडला. मालकांनी ग्लास ठेवला. पहिलवान जोडे काढून दुसऱ्या बाजूला आडवा झाला आणि इशाऱ्याची वाट पाहू लागला.

मालक भाषण करू लागले. नमनालाच घडाभर तेल जाणार, हे भिंगरीने ओळखलं. पाठीखालून मुंगी निघाली. त्याने डोळे मिटले. मुंगीचे नातेवाईक आले. त्याने दात आवळले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मग त्याला वाटलं, जरासं, बोटभर सरकलं तर कुणाला कळणार आहे? तो बोटभर सरकला. चादरीचा खरबरीत काठ नेमका जागेवर लागला आणि त्याच्या तोंडून असा सुस्कारा निघाला की पुढच्या रांगेतल्या बाईंनी कौतुकाने मान डोलावली. पण एकदा घासलं की माणूस संपला. दुसऱ्या क्षणी गोठ्याच्या खांबाला म्हैस अंग घासते, तसा भिंगरी ढिम्मवर पाठ घासत होता. ग्लास उडाला. पाणी मालकांच्या विजारीवर गेलं.

"पहिलवान, हळू," मालक ओरडले.

"मालक, मी अजून हललोच नाही," पहिलवान म्हणाला.

गर्दीत कुजबुज झाली. "उपचार झालेल्या माणसाची ही गत, तर आपलं काय होणार?" एक दुकानदार म्हणाला आणि त्याने हातातलं पत्रक घडी करून खिशात घातलं.

"ढिम्म राहा," मालक दातांतल्या दातांत म्हणाले. "मेल्या, ढिम्म राहा."

"सरका जरा. नर्स आहे मी," मागून आवाज आला आणि भिंगरी एकदम थिजला. खाजही क्षणभर थांबली. गर्दीतून वाट काढत बायको गादीपाशी आली. वर्षभरात ती जरा वाळली होती. इस्पितळातून तशीच आलेली दिसत होती, गळ्यातलं ओळखपत्रही काढलेलं नव्हतं.

"उठून बसा. सदरा काढा."

"इथे नको. घरी दाखवायचं होतं. परवा."

"टाके उसवले असतील तर परवापर्यंत थांबणार आहेत का? काढा."

त्याने सदरा काढला. तीस माणसं पुढे सरकली.

"निळा पडलाय हो सगळा," पुढच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या.

"समुद्र आहे तो," मागून एक पेन्शनर म्हणाले.

बायकोने पाठीवरून बोट न टेकवता हात फिरवला. सुजलंय का, चिघळलंय का, हे आधी पाहिलं. मग श्वास सोडला. "गोंदलंय तुम्ही? ऑपरेशन नाही झालं?"

"नाही." आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्याने तिच्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, "खडक कसा आलाय?"

"कुठला खडक?"

"मधोमध बघ. काळा."

"लाटा आहेत. वर लाटा, खाली लाटा. मधोमध सगळ्यांत मोठी लाट आहे."

तिने मोबाईलवर फोटो काढला. नर्सचा हात, जराही हलला नाही. भिंगरीने तो पाहिला आणि त्याला एकेक लाट ओळखू आली. ही पहिल्या दिवशीची शिंक. तिच्यामागे दुसरी, दुप्पट. हे गॅसचं बटण, हा धोब्याचा भोंगा. आणि चौथ्या दिवशी आनंदाने थरारला होता, तिथे तर उस्तादांनी फेसाचे तुरे काढले होते. हललेल्या प्रत्येक रेघेची त्यांनी लाट केली होती आणि खडकाला जागाच उरली नव्हती.

मालकांना सगळं उमजायला थोडा वेळ लागला. उमजलं तेव्हा ते ओरडले नाहीत, हे जास्त वाईट होतं.

"चित्र काढायला गेला होतास? माझी गादी बुडवून?" ते ओली विजार चिमटीत धरून म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

"मालक, परवा काढा," भिंगरी हात जोडून म्हणाला. "पाया पडतो. काढायचं तर काढाच, पण परवा काढा. वर्षाला दोनच दिवस कमी आहेत."

"आत्ता जा."

दुकानासमोरच्या बसथांब्यावर दोघं बसली. तो पाठ न टेकता, ती पर्स मांडीवर घेऊन. भिंगरीला वाईट वाटत होतं, असं म्हणणं कमी होईल. तीनशे त्रेसष्ट दिवस त्याने घट्ट धरून ठेवलेली वस्तू त्याच्याच हातून फुटली होती, आणि जिच्यासाठी धरली होती तिच्या डोळ्यांदेखत.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "तू दादाकडे जा. मी काही अडवणार नाही."

ती रस्त्याकडे बघत होती. उठली, बस दिसते का पाहून आली, पुन्हा बसली. मग तिने पर्समधून एक पत्र काढलं, ते परत आत टाकलं, पुन्हा काढलं.

"मला मुख्य परिचारिका म्हणून बोलावलंय," ती म्हणाली. "दुसऱ्या शहरात आहे इस्पितळ. सोमवारी हजर व्हायचंय. पत्र येऊन महिना झाला."

"महिना? बोलली नाहीस."

"कुठल्या तोंडाने बोलू? एक वर्ष हलू नका, असं मीच बजावलेलं. तुम्ही बिचारे दर एक तारखेला तिथेच आहे, तिथेच आहे म्हणत होतात. मला रोज वाटायचं, आज चुकाल, उद्या नोकरी सोडाल. तुम्ही सोडेचनात." तिचा आवाज चिडका होता, पण डोळे ओले झाले होते. "वर्ष पुरं करून समोर उभे राहिला असतात, तर आता ही नोकरी सोडा आणि माझ्याबरोबर चला, हे मी म्हणू शकले नसते. पत्राला नकार लिहूनही ठेवला होता. काल तुमच्या मालकांचा फोन आला म्हणून टाकायचा राहिला."

भिंगरीने तिच्या हातातलं पत्र घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

"चौदा वर्षांत तुमच्यामागे सात घरं बदलली मी," ती म्हणाली. "माझ्यामागे एक बदलाल?"

"खोकी आहेत घरी," तो म्हणाला. "अर्धी अजून उघडलेलीच नाहीत."

ती हसली, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास घेता आला. श्वासाबरोबर खाजही परत आली. त्याने खांदे उडवले, अंग वळवलं, थांब्याच्या खांबाकडे आशेने पाहिलं.

"खबरदार," ती म्हणाली. "खाजवायचं नसतं, थोपटायचं असतं. गोंदणाऱ्याने सांगितलं नाही?" तिने सदऱ्यावरून सपाट हाताने त्याची पाठ थोपटायला सुरुवात केली.

वळणावर बस दिसली. ती लगेच अर्धी उठली. "चला, आली. मला दादाकडचं सामान काढायचंय, दोघांची तिकिटं बघायचीत, सोमवार काही लांब नाही. उठा की. जाईल ती."

बस आली, दार उघडलं, दोघं-तिघं चढले, दार बंद झालं. भिंगरी मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून बसला होता.

"गेली ना," ती म्हणाली. "आता वीस मिनिटं दुसरी नाही. काय बसलायत नुसते?"

"जरा डावीकडे," तो म्हणाला.